हे पाणी कुठलं, ते आधी विचारा

वाळवंटात जायचं आणि तिथे गेल्यावर वाळवंट दिसणारच नाही अशी चोख व्यवस्था करायची, याला मी सहल म्हणत नाही. याला पैसे मोजून डोळ्यांवर पट्टी बांधून घेणं म्हणतात.

निमित्त असं की माझा भाचा आणि त्याचे तीन मित्र (एक सिॲटलचा, एक न्यू जर्सीचा, एक आपला पुण्याचा) येत्या फेब्रुवारीत ॲरिझोनाला गोल्फ खेळायला निघाले आहेत. माझी मुलगी तिथे चँडलरला राहते, तिच्याकडे मी चार हिवाळे काढलेत. म्हणून भाच्याने सहलीचा आराखडा मला पाठवला. "मावशी, नजर टाक, काही राहिलंय का बघ."

राहिलं होतं. वाळवंट राहिलं होतं!

चार दिवस, चार मैदानं. चारही फोटोवरून निवडलेली, जो फोटो जास्त हिरवा तो वरच्या क्रमांकावर. मुक्काम स्कॉट्सडेलच्या एका रिसॉर्टात. दोन रात्री पंजाबी बुफे, एक रात्र पिझ्झा, एक रात्र 'बघू'. बिअर कुठली, तर हॉलंडची, जी सिॲटललाही मिळते आणि पुण्यालाही. शिवाय बॅगेत थेपले आणि भडंग. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या बाईकडे हा कागद तपासायला पाठवायचा म्हणजे धाडसच म्हणायचं.

मी घरच्या ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या, तर लगेच दोन पक्ष तयार झाले. पहिला पक्ष म्हणाला, पैसे त्यांचे, सुट्टी त्यांची, तुला काय करायचंय? दुसऱ्या पक्षाचा पुढारी माझ्या जाऊबाईंचा मुलगा. तो पर्यावरणवाला आहे. तो म्हणाला, वाळवंटात गोल्फ खेळणं हेच मुळात पाप, सहलच रद्द करा. मला हे दोन्ही पक्ष मान्य नाहीत. का, ते इथे सविस्तर लिहिते. म्हणजे प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं सांगत बसायला नको.

आधी पापवाल्यांशी बोलू. फिनिक्सला वर्षाकाठी जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो. माझं माहेर माण तालुक्यातलं, दुष्काळी म्हणून प्रसिद्ध, पण तिथेही याच्या दुपटीहून जास्त पडतो. आणि अशा ठिकाणी एक अठरा होलांचं मैदान वर्षाला साधारण पन्नास कोटी लिटर पाणी पितं. ऐकून माझ्याही पोटात गोळा येतो. पण भूगोल म्हणजे एक आकडा घेऊन किंचाळणं नव्हे. ॲरिझोना राज्यात जितकं पाणी वापरलं जातं त्यातलं गोल्फला जातं दोन टक्क्यांच्या आसपास. शेतीला जातं सत्तर टक्क्यांच्या वर. आणि त्या शेतीतलं एक मोठं पीक म्हणजे अल्फाल्फा, आपला लसूणघास. भर उन्हाळ्यात पाणी देऊन हा चारा पिकवायचा आणि गुरांना घालायचा. सौदी अरेबियातल्या गायींसाठी हा घास पिकवणाऱ्या एका कंपनीचे सरकारी जमिनीवरचे भाडेपट्टे तिथल्या गव्हर्नरबाईंनी २०२३ मध्ये मोडीत काढायला घेतले. एका वाळवंटातलं पाणी घासाच्या रूपाने दुसऱ्या वाळवंटात जात होतं!

आपल्याकडे २०१६ साली काय झालं ते आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच वेळी मैदानांवर पाणी मारून आयपीएल चालली होती. उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितलं. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. बरोबरच होतं ते. पण सामने गेल्यावर आपली चर्चाही संपली, आणि ऊस आहे तिथेच उभा राहिला. पापाला एक सोयीचा चेहरा मिळाला की खऱ्या हिशेबाकडे कुणी बघत नाही. म्हणून जाऊबाईंच्या चिरंजीवांना माझं सांगणं आहे की सहल रद्द करून एक थेंबही वाचणार नाही. तुम्हाला मात्र रात्री झोप छान लागेल.

आता पहिला पक्ष. पैसे आमचे म्हणणारा.

दोन टक्के म्हणजे काहीच नाही, असं नव्हे. ॲरिझोनात १९८० साली भूजलाचा कायदा झाला. जमिनीखालचं पाणी उपसून उपसून खाली गेलं होतं, म्हणून. त्या कायद्यामागोमाग जे नियम आले त्यांत फिनिक्स-टूसॉन भागातल्या नव्या गोल्फ मैदानांना पाणी द्यायचं ते फक्त ९० एकर हिरवळीच्या हिशेबाने, असं ठरलं. आता आली का पंचाईत! मैदान आखणाऱ्यांनी मग डोकं चालवलं. चेंडू जिथून मारायचा तिथे गवत, जिथे पडायला हवा तिथे गवत, मधे सगळं वाळवंट तसंच ठेवायचं. वाळू, दगड, सग्वारो निवडुंग, चोयाचे काटे. नेम चुकला तर चेंडू काट्यांत, आणि तो आणायला जाताना खाली साप नाही ना ते बघायचं. वाळवंटी गोल्फ म्हणून जगभर जो नावाजला जातो तो हा. तो टंचाईतून जन्मला. तुटपुंज्या पगारात नेटका संसार करणाऱ्या बाईसारखा.

आणि तुम्ही काय निवडलंत? नेमकं उलटं!

तिथलं उन्हाळी गवत बर्म्युडा जातीचं. थंडी पडली की ते झोपी जातं, पिवळट तपकिरी होतं, फाल्गुनातल्या आपल्या माळासारखं. मरत नाही, झोपतं. उन्हाळा आला की पुन्हा उठतं. पण गर्दीचा हंगाम नेमका हिवाळ्यात, आणि पाहुण्याला फोटोत हिरवं हवं. म्हणून पाऊसपाण्याचा पत्ता नसताना ऑक्टोबरच्या सुमारास मैदान दोन-तीन आठवडे बंद ठेवायचं, झोपलेल्या गवतावर राय नावाच्या थंडीतल्या गवताचं बी पेरायचं, ते उगवेपर्यंत दिवसातून अनेकदा शिंपायचं आणि पुढे सगळा हिवाळा पाजत राहायचं. उन्हाळ्यात ते मरून जातं. पुढच्या वर्षी पुन्हा हेच. हे सगळं कोणासाठी? फोटो बघून मैदान ठरवणाऱ्या तुमच्यासाठी. तीनशे डॉलरच्या वर एका फेरीला मोजता ना, ते या रंगाचे. काही मैदानं आता पेरणी कमी करायला लागलीत, फक्त खेळाच्या पट्ट्यात पेरतात, कडेचं गवत झोपू देतात. अशा मैदानाचा फोटो तुम्हाला 'सुकलेला' वाटला म्हणून तुम्ही त्यावर काट मारलीत. तपकिरी गवतावर चेंडू चांगला घरंगळतो, हे मला भाच्यानेच पूर्वी सांगितलं होतं.

ज्या स्कॉट्सडेलला तुम्ही उतरणार, तिथे ऑगस्ट २०२३ पासून नव्याने परवानगी मिळालेल्या घरासमोर हिरवळ लावायला बंदी आहे. त्याच वर्षी १ जानेवारीला, शहराच्या हद्दीबाहेर रिओ व्हर्डी फूटहिल्स नावाची वस्ती आहे, तिथल्या टँकरना पाणी देणं शहराने थांबवलं. कोलोरॅडो नदीचं पाणी कमी झालं, आधी आमचे नागरिक, असं म्हणून. शेकडो घरं, दारात मोटारी, आणि लोक कागदाच्या ताटल्यांत जेवायला लागले, धुणं दुसऱ्याकडे नेऊन धुवायला लागले. पुढे तोडगा निघाला, पण महिनोन्‌महिने गेले. मुलीकडच्या टीव्हीवर त्या बायका बोलताना मी बघितल्या. इंग्रजी भराभरा बोलत होत्या, मला निम्मं कळलं नाही. 'टँकर' शब्दापुढचा चेहरा मात्र पुरता कळला. १९७२ साली माझ्या आईचा तोच होता.

तर "पैसे आमचे" हे पुरेसं उत्तर नाही. पैसे तुमचे, पाणी तुमचं नव्हे. पाहुण्याने घरात आल्यावर घागर कुठे आहे ते बघावं आणि त्या अंदाजाने तांब्या उचलावा, एवढी साधी रीत आहे.

मग करायचं काय? जायचं! मजेत जायचं, खेळायचं, खायचं, प्यायचं. फक्त प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न विचारायचा, हे पाणी कुठलं? या एका प्रश्नावर मी तुमचा सगळा आराखडा बदलून दिला आहे, आणि तुमच्या मूळ आराखड्यापेक्षा तो जास्त चवदार आहे, हे मी पैजेवर सांगते.

खेळाचं आधी. फिनिक्सच्या ईशान्येला फोर्ट मॅकडॉवेल नावाची यावापाय लोकांची वस्ती आहे. हे तिथले मूळ रहिवासी, संख्येने थोडे. त्यांच्या जमिनीतून व्हर्डी नदी वाहते. तिथे ऑर्म धरण बांधून त्यांची बहुतेक जमीन बुडवायचा सरकारचा बेत होता. मोबदला म्हणून मोठी रक्कम देऊ केली, ती त्यांनी १९७६ साली मतदान करून नाकारली. १९८१ साली म्हातारीकोतारी, पोरंबाळं तीन दिवस चालत फिनिक्सच्या विधानभवनावर गेली, आणि त्याच नोव्हेंबरात धरण रद्द झालं. अजून दर नोव्हेंबरला ते हा विजय साजरा करतात. आपल्याकडे धरणात बुडालेल्या गावांची यादी केवढी आहे, तुम्हाला सांगायला नको. वाचलेलं गाव बघायला मिळणं ही केवढी गोष्ट! याच लोकांच्या जमिनीवर वी-को-पा नावाची दोन गोल्फ मैदानं आहेत. कडेला एकही बंगला नाही, चारही बाजूंना फक्त वाळवंट आणि डोंगर. तिथे खेळा. पैसे नदी राखणाऱ्यांच्या हातात जातील.

उत्तर स्कॉट्सडेललाच खेळायचं असेल, तर तिथल्या वीसेक मैदानांना शहराचं सांडपाणी शुद्ध करून पुरवलं जातं. टूसॉन शहराने तर १९८४ पासून अशा पाण्याच्या वेगळ्या जलवाहिन्या टाकल्यात. अशी मैदानं धरा. फोन करून विचारायला लाजू नका, त्यांना सांगायला अभिमान वाटतो.

आता बिअर. (हो, मावशी बिअरवर लिहिते आहे. सत्तरी उलटल्यावर एक पेला घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. :-) )

व्हर्डी नदी यावापायांच्या गावी पोचण्याआधी वर कँप व्हर्डी नावाच्या गावातून येते. तिथे शेतकरी मका आणि तो लसूणघास पिकवत. त्यांना पाणी लागायचं ऐन उन्हाळ्यात, नदी आटलेली असताना. एका निसर्गसंस्थेने शेतकऱ्यांशी बोलून काही शेतांत बार्ली लावून बघितली, म्हणजे आपलं सातू. सातूला पाणी लागतं वसंतात, नदी भरलेली असते तेव्हा. उन्हाळा तापेपर्यंत पीक घरात. उन्हाळ्याचं पाणी नदीतच राहतं. पण सातू पिकवून विकायचं कोणाला? बिअरला मोड आणून वाळवलेलं सातू लागतं, तिथे ते करणारं कोणीच नव्हतं. म्हणून कँप व्हर्डीतच सिनाग्वा मॉल्ट नावाचा छोटा कारखाना उभा राहिला. आणि ते सातू घेणाऱ्यांत पुढे आहे ॲरिझोना विल्डरनेस नावाची बिअरवाली मंडळी. २०१३ साली गिल्बर्टला सुरू झालेलं दुकान, माझ्या मुलीच्या घरापासून जवळच.

म्हणजे बघा हं, त्या बिअरचा पेला घेतला की व्हर्डी नदीत उन्हाळ्यात थोडं पाणी जास्त राहतं, आणि तीच नदी पुढे तुम्ही सकाळी जिथे खेळलात तिथून वाहते. हॉलंडच्या हिरव्या बाटलीत हे आहे का? आणि आणखी एक. २०१७ साली टूसॉनकडच्या आणि २०१९ साली स्कॉट्सडेलच्या बिअरवाल्यांनी पूर्ण शुद्ध केलेल्या सांडपाण्याची बिअर करून लोकांना पाजली. "शी!" म्हणणाऱ्यांचा "शी" मोडायला. ग्रुपवर हे लिहिल्याबरोबर तीन जणांनी नाक मुरडल्याच्या खुणा पाठवल्या. त्यांनी एकदा नकाशा घेऊन आपल्या गावाच्या वर नदीकाठी किती गावं आहेत ती मोजावीत आणि मग आपल्या नळाखाली पेला धरावा.

राहिलं जेवण. माझा खरा राग इथे आहे.

टूसॉन हे युनेस्कोने २०१५ साली खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून निवडलेलं अमेरिकेतलं पहिलं शहर. कशासाठी? तिथे चार हजार वर्षांहून जुनी शेती सापडली आहे आणि त्या मातीतली पिकं अजून लोकांच्या ताटात आहेत म्हणून. आणि तुम्ही तिथून दोन तासांच्या अंतरावर बसून पनीर बटर मसाला खाणार! तो तर तुमच्या घराच्या कोपऱ्यावर मिळतो की.

टेपरी नावाचं कडधान्य आहे तिथे. आपल्या मटकीची बहीण म्हणावी असं, एक-दोन पावसांत येणारं. चँडलरच्या दक्षिणेला लागूनच हीला नदीकाठच्या ओ'ओदाम लोकांची वस्ती आहे. (नकाशात वाचून 'गिला' म्हणू नका, उच्चार हीला.) हे पिढ्यान्‌पिढ्यांचे कालवेवाले शेतकरी. कॅलिफोर्नियाला जाणाऱ्या वाटसरूंना गहू विकण्याइतकं त्यांचं पिकायचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वरच्या अंगाला गोऱ्या वसाहतवाल्यांनी नदी वळवली, आणि हे उपाशी पडले. मग सरकारी शिध्यावर जगणं आलं, पांढरा मैदा, चरबी, साखर. आज मधुमेहाचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त असलेल्या समाजांत त्यांचं नाव घेतात. २००४ च्या कायद्याने त्यांचा पाण्यावरचा हक्क मान्य झाला, आणि आता त्यांच्या शेतांत टेपरी पुन्हा पिकते आहे. मी ती रात्रभर भिजवून, कुकरला नेहमीपेक्षा जास्त शिट्ट्या देऊन, गोडा मसाला घालून उसळ करते. नातवंडं मागून खातात. तुम्ही खाल तेव्हा हे सगळं तोंडात आहे, एवढं लक्षात ठेवा.

टूसॉनला गव्हाच्या मोठ्या, पातळ टॉर्टिया करतात, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ताणून. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मोठ्याने "मांडे!" म्हणाले. मेस्कीट नावाच्या झाडाच्या शेंगा दळून गोडसर पीठ करतात. मेस्कीट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचंच कुळ, जिला आपण उठता-बसता शिव्या देतो. निवडुंगाच्या पानांची भाजी, बोंडांचं सरबत, चोयाच्या कळ्या, आणि लवंगी मिरचीलाही मान खाली घालायला लावणारी चिल्टेपीन नावाची रानमिरची. मांसाहारवाल्यांनी तिथला सोनोरन हॉटडॉग खावा. शाकाहारवाल्यांनी घेवड्याची भाजी मागवताना "सिन मान्तेका" म्हणावं, म्हणजे डुकराच्या चरबीशिवाय. दोन शब्द पाठ करा, उपाशी राहणार नाही.

तर सुधारलेला आराखडा असा. पहिल्या दिवशी फिनिक्सला उतरून पापागोच्या म्युनिसिपल मैदानावर, तांबड्या टेकड्यांच्या पायथ्याशी खेळा. दुसऱ्या दिवशी वी-को-पा, संध्याकाळी गिल्बर्टला बिअर. जो गाडी चालवेल तो पिणार नाही, यात वाद नको. तिसऱ्या दिवशी टूसॉनला जा, शहराच्या मैदानावर खेळा, रात्री पोटभर जेवा. चौथ्या दिवशी गोल्फ नाही. ऐकलंत ना, नाही! त्या दिवशी सकाळी मिशन गार्डनला जा, चार हजार वर्षांची पिकं एका कुंपणात लावली आहेत ती बघा, आणि मग एका सग्वारोखाली उभे राहा. त्याला पहिला हात फुटायला पन्नास ते पंचाहत्तर वर्षं लागतात. म्हणजे माझ्या वयाचा सग्वारो आता कुठे हात पुढे करायला लागला असेल. त्याने या सगळ्या वर्षांत कुणाकडे जास्तीचं पाणी मागितलेलं नाही.

थेपले न्यायला माझी हरकत नाही, विमानात खा.

आणि एवढं वाचूनही ज्यांना सुट्टीत फक्त हिरवं गारच बघायचं आहे, त्यांनी आषाढात महाबळेश्वरला यावं. तिथे हिरवळीला कोणी पाणी घालत नाही, आणि तिकीटही बरंच स्वस्त पडतं.